घटक ५ : जेम्स मॅडिसन – मर्यादित शासन आणि राज्यांचे सार्वभौमत्व

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• जेम्स मॅडिसनच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• मर्यादित शासन व राज्यांचे सार्वभौमत्व या संकल्पना त्याच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करता येतील.
• १७९८ चे व्हर्जिनिया ठराव आणि १८३२ चा दक्षिण कॅरोलायनाचा निर्णय यांतील फरक विशद करता येईल.
• राज्य विधिमंडळाच्या सदस्याचे अधिकार व त्यांच्या मर्यादा यांविषयी साधार मत मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा चौथा अध्यक्ष जेम्स मॅडिसन हा त्या देशाच्या राज्यघटनेचा जनक म्हणून ओळखला जातो. त्याच्या चरित्राकडे पाहताना अभ्यासकांपुढे एक कोडे उभे राहते. १७८७ मध्ये राज्यांचे कायदे नामंजूर करण्याचा अधिकार केंद्रीय विधिमंडळाला मिळावा, असा आग्रह याच मॅडिसनने धरला. पुढे ११ वर्षांनी केंद्राच्या कायद्यांविरुद्ध राज्यांनी उभे राहावे, असा ठराव त्यानेच लिहिला. आणि आयुष्याच्या अखेरीस एका राज्याने केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवू पाहिला, तेव्हा त्या राज्याला सर्वांत ठाम विरोध करणाऱ्यांतही तोच होता.

ही मते परिस्थितीनुसार बदलत गेली, की त्यांच्यामागे एकच विचार होता? या घटकात आपण मॅडिसनचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. त्यासाठी त्याच्या जीवनातील ज्या प्रसंगी तो राज्याचा लोकप्रतिनिधी म्हणून वावरला, त्यांकडे आपण विशेष लक्ष देऊ.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जन्म, शिक्षण व संस्कार

मॅडिसनचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट कॉनवे येथे झाला. व्हर्जिनिया त्या वेळी ब्रिटिशांची वसाहत होती. त्याचे वडील ऑरेंज परगण्यातील मोठे जमीनदार होते. माँटपेलिअर या त्यांच्या मळ्यावर तंबाखूचे पीक घेतले जाई आणि ते गुलामांच्या श्रमावर उभे होते. १२ भावंडांत जेम्स सर्वांत थोरला. प्रकृतीने तो नाजूक होता व आवाजही बारीक होता. मात्र वाचनाची त्याची भूक मोठी होती.

१७६९ मध्ये तो न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथील महाविद्यालयात दाखल झाला. जॉन विदरस्पून हे तेथील प्राचार्य होते. मॅडिसनने १७७१ मध्ये पदवी घेतली आणि त्यानंतरही काही काळ तेथे राहून हिब्रू भाषा व नीतिशास्त्र यांचा अभ्यास केला.

घरी परतल्यावर त्याने जे पाहिले, त्याचा ठसा त्याच्या मनावर कायमचा उमटला. व्हर्जिनियात इंग्लंडच्या चर्चला राजमान्यता होती. परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या बाप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकले जात होते. मॅडिसन स्वतः त्या पंथाचा नव्हता. तरीही श्रद्धेसाठी माणसाला कैद व्हावी, याचा त्याला संताप आला. शासनाचा हात कोठे थांबला पाहिजे, हा प्रश्न त्याला ग्रंथांत भेटण्याआधी असा शेजारच्या तुरुंगात भेटला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा अन्याय करणारी सत्ता लंडनची नव्हती. ती व्हर्जिनियाचीच, म्हणजे जवळची व स्थानिक सत्ता होती.

५.२.२ राज्याच्या विधिमंडळात

१७७६ मध्ये विल्यम्सबर्ग येथे व्हर्जिनियाचे अधिवेशन भरले. त्यात २५ वर्षांचा मॅडिसन प्रतिनिधी होता. जॉर्ज मेसन याने हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार केला होता आणि त्यात धार्मिक बाबतीत सहिष्णुतेची तरतूद होती. मॅडिसनने तिला दुरुस्ती सुचवली. सहिष्णुता या शब्दात शासनाने कृपा म्हणून दिलेली मोकळीक सूचित होते, आणि कृपा काढूनही घेता येते. म्हणून धर्माचरणाचे स्वातंत्र्य हा सर्वांचा समान हक्क आहे, अशी शब्दरचना त्याने मान्य करून घेतली.

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो पराभूत झाला. मतदारांना मद्य पाजण्याची तेव्हा सर्रास प्रथा होती आणि ती पाळण्यास त्याने नकार दिला होता. मात्र लवकरच राज्याच्या सल्लागार मंडळावर त्याची नेमणूक झाली. तेथे टॉमस जेफरसनशी जुळलेली त्याची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१७८४ ते १७८६ या काळात तो व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. या काळात पॅट्रिक हेन्री या प्रभावी वक्त्याने ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचा प्रस्ताव पुढे आणला. हा कर कोणत्याही एका पंथासाठी नव्हता, त्यामुळे तो अनेकांना निरुपद्रवी वाटला. मॅडिसनने मात्र त्याविरुद्ध १७८५ मध्ये एक सविस्तर निवेदन लिहिले व ते सह्यांसाठी राज्यभर फिरले. आज अल्प कर घेऊन धर्माला आधार देणारे शासन उद्या कोणताही धर्म लादू शकेल, आणि तत्त्व मोडल्यावर रकमेच्या लहानमोठेपणाला अर्थ उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रस्ताव बारगळला. जेफरसनने पूर्वी तयार केलेले धर्मस्वातंत्र्याचे विधेयक जानेवारी १७८६ मध्ये मॅडिसनच्या प्रयत्नाने संमत झाले.

विधिमंडळाने आपल्या अधिकाराच्या सीमा स्वतः आखून घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे. राज्याच्या लोकप्रतिनिधीने प्रथम स्वतःच्या सभागृहाला मर्यादा घालावी, हा धडा मॅडिसनने येथे गिरवला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१) सहिष्णुता या शब्दाला मॅडिसनचा आक्षेप का होता?
२) १७८५ चे निवेदन कोणत्या प्रस्तावाविरुद्ध होते?

५.२.३ दुबळा परिसंघ आणि फिलाडेल्फियाची परिषद

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात १३ राज्ये परिसंघाच्या करारनाम्याने एकत्र आली होती. हा करारनामा १७८१ मध्ये अमलात आला. प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व त्यात स्पष्टपणे राखून ठेवले होते. केंद्रीय काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे केवळ मागणी करू शकत असे. करारनाम्यात बदल करायचा तर सर्व राज्यांची संमती लागे. आयातीवर ५ टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे फसला. १७८० ते १७८३ या काळात काँग्रेसचा सदस्य असलेल्या मॅडिसनने ही अवस्था जवळून पाहिली. सैनिकांचे वेतन थकले होते आणि परदेशी कर्जाची फेड होत नव्हती.

मात्र केंद्राचा दुबळेपणा एवढेच त्याच्या चिंतेचे कारण नव्हते. राज्यांच्या विधिमंडळांत बहुमताच्या जोरावर घाईने कायदे होत होते आणि तितक्याच घाईने ते बदलले जात होते. १७८६ मध्ये ऱ्होड आयलंडने कागदी चलन काढून ते स्वीकारण्याची धनकोंवर सक्ती केली. मॅडिसनने जेफरसनने पॅरिसहून पाठवलेल्या ग्रंथांच्या आधारे प्राचीन व अर्वाचीन संघराज्यांचा अभ्यास केला, आणि १७८७ च्या वसंतात परिसंघातील दोषांचे टिपण तयार केले. त्यात त्याने केंद्राच्या दुर्बलतेसोबत राज्यांच्या कायद्यांतील अन्यायावरही बोट ठेवले.

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. ५५ प्रतिनिधी तिच्यात सहभागी झाले. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवले नाहीत. २९ मे रोजी एडमंड रँडॉल्फने व्हर्जिनिया योजना मांडली. तिची आखणी मुख्यतः मॅडिसनची होती. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे आणि राज्यांचे कायदे नामंजूर करण्याचा अधिकार केंद्रीय विधिमंडळाला असावा, या त्याच्या दोन मुख्य मागण्या होत्या. दोन्ही बाबतींत त्याचा पराभव झाला. १६ जुलै रोजी पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला समान स्थान देण्यात आले.

परिषदेतून निघालेली घटना मॅडिसनच्या मनातली घटना नव्हती, तरीही त्याने ती स्वीकारली. एवढेच नव्हे, तर तिच्यातील तडजोडीला त्याने सिद्धान्ताचे रूप दिले. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांच्यासह त्याने लिहिलेली ‘फेडरालिस्ट’ ही ८५ लेखांची माला प्रसिद्ध आहे. तिच्यात त्याने सांगितले, की ही व्यवस्था पूर्णतः एककेंद्री नाही आणि पूर्णतः परिसंघही नाही. केंद्राचे अधिकार मोजके व नेमून दिलेले आहेत. लोकांच्या दैनंदिन जीवनाशी निगडित असे विस्तृत अधिकार राज्यांकडे राहतात. सत्तेची प्रथम केंद्र व राज्ये अशी वाटणी होते आणि नंतर प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या शाखांत विभागणी होते. त्यामुळे लोकांच्या हक्कांना दुहेरी संरक्षण लाभते. राज्यांचे स्वतंत्र अस्तित्व आता त्याला स्वातंत्र्याच्या संरक्षक भिंतीसारखे दिसू लागले होते.

५.२.४ मान्यतेचा लढा आणि हक्कांची सनद

घटना अमलात येण्यासाठी ९ राज्यांची मान्यता आवश्यक होती. जून १७८८ मध्ये रिचमंड येथे व्हर्जिनियाची परिषद भरली. पॅट्रिक हेन्रीने तेथे घटनेवर प्रखर टीका केली. हे केंद्र राज्यांना गिळून टाकील आणि नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, हे त्याचे मुख्य आक्षेप होते. मॅडिसनचा आवाज इतका क्षीण होता, की वृत्तांत टिपणाऱ्यांना तो कित्येकदा ऐकू येत नसे. तरीही त्याच्या शांत, मुद्देसूद उत्तरांचा परिणाम झाला. २५ जून रोजी ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना मान्य झाली.

हेन्रीच्या प्रभावामुळे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने मॅडिसनला सिनेटवर पाठवले नाही. कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्याच्यासमोर जेम्स मन्रो उभा होता. हक्कांची सनद घटनेत घालण्याचे आश्वासन देऊन मॅडिसनने ती निवडणूक ३३६ मतांनी जिंकली. ते वचन त्याने पाळले. ८ जून १७८९ रोजी त्याने घटनादुरुस्त्या मांडल्या. काँग्रेसने त्यांतून १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि १५ डिसेंबर १७९१ पर्यंत त्यांतील १० दुरुस्त्यांना पुरेशा राज्यांची संमती मिळाली. उरलेल्यांपैकी एक दुरुस्ती काँग्रेस सदस्यांच्या वेतनाविषयी होती. ती तब्बल दोन शतकांनी, १९९२ मध्ये, राज्य विधिमंडळांच्याच संमतीने घटनेत आली.

दहावी दुरुस्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. घटनेने केंद्राला न दिलेले आणि राज्यांना मनाई न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात, असे तिचे तात्पर्य आहे. भारतीय घटनेत याच्या उलट व्यवस्था आहे. सूचींमध्ये न आलेले उर्वरित अधिकार २४८ व्या अनुच्छेदाने संसदेकडे सोपवले आहेत. अमेरिकेत केवळ स्पष्ट शब्दांत दिलेले अधिकारच केंद्राने वापरावेत, अशी सूचना त्या वेळी आली होती. काही अधिकार गर्भित असणे अपरिहार्य आहे, असे सांगून मॅडिसनने ती फेटाळण्यास लावली.

त्याच वेळी त्याने आणखी एक दुरुस्ती मांडली होती. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यांत ज्यूरीचा हक्क यांवर कोणत्याही राज्याला आघात करता येऊ नये, अशी ती होती. सर्व दुरुस्त्यांत ही त्याला अधिक मोलाची वाटत होती. कनिष्ठ सभागृहाने ती स्वीकारली, परंतु राज्य विधिमंडळांनी निवडलेल्या सिनेटने ती नाकारली. केंद्रावर लगाम घालायला सारे तयार होते. राज्यांवर तोच लगाम घालायला मात्र सिनेट तयार नव्हते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) व्हर्जिनिया योजनेतील मॅडिसनच्या कोणत्या दोन मागण्या नामंजूर झाल्या?
२) दहाव्या दुरुस्तीचे तात्पर्य सांगा.

५.२.५ १७९८ चे व्हर्जिनिया ठराव

नव्या शासनात हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेची योजना आणली. घटनेत असा अधिकार नाही, या भूमिकेवरून मॅडिसनने १७९१ मध्ये तिला विरोध केला. येथून तो व जेफरसन विरोधी पक्षाचे नेते बनले.

१७९८ मध्ये फ्रान्सशी संघर्षाचे वातावरण असताना अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या कारकिर्दीत काँग्रेसने परकीयांविषयीचे व राजद्रोहाविषयीचे कायदे केले. धोकादायक वाटणाऱ्या परकीयाला खटल्यावाचून देशाबाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळाला. शासन, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लेखन करणाऱ्यास २,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. प्रत्यक्षात हा कायदा विरोधी संपादकांवर चालवला गेला. व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला चार महिने तुरुंगवास झाला; तेथूनच तो पुन्हा निवडून आला.

काँग्रेस, अध्यक्षपद आणि न्यायालये या तिन्ही ठिकाणी सत्तापक्षाचे वर्चस्व होते. अशा वेळी दाद कोठे मागायची? जेफरसन व मॅडिसन यांनी राज्य विधिमंडळांचा मार्ग निवडला. उपाध्यक्ष असलेल्या जेफरसनने केंटकीसाठी आणि मॅडिसनने व्हर्जिनियासाठी गुप्तपणे ठराव लिहिले. व्हर्जिनियात जॉन टेलरने ते मांडले व डिसेंबर १७९८ मध्ये विधिमंडळाने ते संमत केले. घटना हा राज्यांमधील करार आहे. केंद्राने न दिलेल्या अधिकारांचा घातक वापर चालवला, तर राज्यांनी मध्ये उभे राहून अटकाव करणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असा त्यांचा आशय होता. जेफरसनच्या मसुद्यात कायदा रद्दबातल ठरवण्याची भाषा होती. मॅडिसनने ती टाळली.

इतर राज्यांकडून पाठिंबा मिळाला नाही. कायदा घटनाबाह्य आहे की नाही, हे न्यायालयांनी ठरवावे, असे उत्तर काहींनी दिले. तेव्हा मॅडिसन पुन्हा राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. जानेवारी १८०० मध्ये विधिमंडळाने स्वीकारलेल्या अहवालात त्याने ठरावांचा अर्थ उलगडला. हे ठराव म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. लोकांना व अन्य राज्यांना विचार करायला लावणारी ती मतप्रदर्शने आहेत, असे त्याने स्पष्ट केले. निवडून दिलेल्या सत्ताधाऱ्यांवर मोकळेपणाने टीका करता येत नसेल, तर निवडणुकीला अर्थच राहत नाही, हा त्या अहवालाचा गाभा होता. त्याच वर्षाच्या निवडणुकीत सत्तांतर घडले आणि मार्च १८०१ मध्ये राजद्रोहाच्या कायद्याची मुदत संपली. व्हर्जिनियाने एकाही केंद्रीय अधिकाऱ्याला बळाने अडवले नव्हते. ठराव, पत्रव्यवहार, चर्चा आणि मतपेटी एवढीच त्याची साधने होती.

५.२.६ सत्तास्थानी मॅडिसन

१८०१ ते १८०९ या काळात मॅडिसन परराष्ट्रमंत्री होता. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेण्यात आला. असा प्रदेश विकत घेण्याचा स्पष्ट अधिकार घटनेत नव्हता. तरी मर्यादित शासनाच्या पुरस्कर्त्यांनीच हा व्यवहार केला. सत्तेवर आल्यावर तत्त्वांना मुरड पडते, हे येथे नाकारता येत नाही.

१८०९ मध्ये तो अध्यक्ष झाला. जून १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झाले. मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट यांच्या राज्यपालांनी आपले नागरी सैन्य केंद्राच्या हवाली करण्यास नकार दिला. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले. वर्षअखेरीस युद्धविरोधी न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी हार्टफर्ड येथे जमले आणि राज्यांच्या हक्कांची भाषा आता मॅडिसनच्याच विरुद्ध वापरली गेली. अशा संकटातही त्याने टीकाकारांवर राजद्रोहाचा कायदा आणला नाही. १७९८ मध्ये मांडलेले तत्त्व त्याने स्वतः सत्तेवर असताना पाळले.

१८१६ मध्ये त्याने दुसऱ्या राष्ट्रीय बँकेला मात्र संमती दिली. बँकेच्या अधिकाराला काँग्रेस, न्यायालये व लोक यांनी दीर्घकाळ मान्यता दिली आहे, असे कारण त्यामागे होते. याउलट ३ मार्च १८१७ रोजी, अध्यक्षपदाच्या अखेरच्या दिवसांत, रस्ते व कालवे बांधण्याच्या विधेयकावर त्याने नकाराधिकार वापरला. रस्ते त्याला हवेच होते. पण त्यासाठी आधी घटनादुरुस्ती करावी, असे त्याचे मत होते. चांगल्या हेतूनेही शासनाने आपली सीमा ओलांडू नये, ही भूमिका यात दिसते.

५.२.७ उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर मॅडिसन पत्नी डॉलीसह माँटपेलिअर येथे राहिला. १८२८ मध्ये काँग्रेसने आयातीवर भारी जकात बसवली. दक्षिण कॅरोलायनाचा नेता जॉन कॅल्हून याने सिद्धान्त मांडला, की कोणतेही एक राज्य केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवू शकते. त्यासाठी त्या गटाने १७९८ च्या ठरावांचा दाखला दिला. नोव्हेंबर १८३२ मध्ये त्या राज्याने जकातीचा कायदा रद्द केल्याचे जाहीर केले.

ऐंशीच्या घरातील मॅडिसनने याविरुद्ध लेखणी उचलली. १८३० मध्येच एडवर्ड एव्हरेटला लिहिलेले त्याचे पत्र प्रसिद्ध झाले होते. त्याचा युक्तिवाद असा होता : घटना सर्व राज्यांच्या लोकांनी मिळून केली आहे, तिचा अर्थ एकट्या राज्याला ठरवता येणार नाही. तसे झाल्यास एकच घटना प्रत्येक राज्यात वेगळी होईल. राज्यांकडे निषेध, निवडणूक, न्यायालय आणि घटनादुरुस्ती असे मार्ग आहेत. व्हर्जिनिया ठरावांत राज्ये असा अनेकवचनी शब्द मुद्दाम वापरला होता, याचीही त्याने आठवण करून दिली.

या चरित्रातील सर्वांत मोठी विसंगती सांगितल्यावाचून ते पूर्ण होत नाही. सत्तेच्या मर्यादांचा इतका विचार करणाऱ्या मॅडिसनच्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम होते. गुलामगिरी हे पाप आहे हे त्याला मान्य होते. तरी त्याने आपल्या गुलामांना मृत्युपत्रानेही मुक्त केले नाही. ज्यांच्यावर मालकाची सत्ता अमर्याद होती, त्यांना राज्यांच्या सार्वभौमत्वाने संरक्षण दिले नाही. उलट पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठीच त्याच सार्वभौमत्वाची ढाल पुढे करण्यात आली.

२८ जून १८३६ रोजी माँटपेलिअर येथे मॅडिसनचे निधन झाले. घटनेवर सही करणाऱ्या ३९ जणांपैकी तो अखेरचा होता. फिलाडेल्फिया परिषदेची त्याने रोज लिहिलेली टिपणे काँग्रेसने ३०,००० डॉलरना विकत घेतली व १८४० मध्ये ती प्रकाशित झाली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती आली आणि नागरिकांच्या हक्कांवर राज्यांनी आघात करू नये, हे घटनेत नोंदले गेले. १७८९ मध्ये सिनेटने नाकारलेला मॅडिसनचा विचार अशा रीतीने, फार मोठी किंमत मोजल्यानंतर, घटनेत स्थिरावला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
१) १८०० च्या अहवालात व्हर्जिनिया ठरावांचा कोणता अर्थ सांगितला आहे?
२) १८१७ च्या नकाराधिकारामागे मॅडिसनची कोणती भूमिका होती?

५.३ सारांश

मॅडिसनने कधी केंद्राची बाजू घेतली, कधी राज्यांची. परंतु सत्ता कोणाच्याही हाती असो, तिला सीमा हवी, हा त्याच्या विचाराचा धागा होता. राज्यांच्या विधिमंडळांनी अन्याय केला तेव्हा त्याने केंद्राचे बळ मागितले. केंद्राने मुद्रणस्वातंत्र्यावर घाला घातला तेव्हा राज्यांना उभे केले. एका राज्याने स्वतःलाच अंतिम निर्णायक मानले तेव्हा संघाची बाजू घेतली. राज्यांचे सार्वभौमत्व हे त्याच्या दृष्टीने नागरिकांच्या स्वातंत्र्याचे साधन होते. हे साधन लोकप्रतिनिधीने केंद्राविरुद्ध वापरावे, तसेच स्वतःच्या सभागृहालाही मर्यादा घालावी, हे त्याच्या सार्वजनिक जीवनाचे सार आहे. गुलामगिरीच्या बाबतीत मात्र ही कसोटी त्याने स्वतःला लावली नाही.

५.४ पारिभाषिक शब्द

परिसंघ : सार्वभौम राज्यांनी कराराने केलेली सैल संघटना, तिच्यात केंद्राचे अधिकार अल्प असतात.
मर्यादित शासन : घटनेने नेमून दिलेल्या अधिकारांपुरतेच चालणारे शासन.
उर्वरित अधिकार : घटनेत कोणाकडेही स्पष्टपणे न सोपवलेले अधिकार.
गर्भित अधिकार : स्पष्ट अधिकार वापरण्यासाठी ओघाने आवश्यक ठरणारे अधिकार.
रद्दीकरण : केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत निष्प्रभ असल्याचे एका राज्याने जाहीर करणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १) त्या शब्दातून शासनाच्या कृपेने मिळालेली मोकळीक सूचित होते. २) ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठी कर बसवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध.
प्रश्न २ : १) दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व आणि राज्यांचे कायदे नामंजूर करण्याचा केंद्राचा अधिकार. २) केंद्राला न दिलेले व राज्यांना मनाई न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात.
प्रश्न ३ : १) ते न्यायनिर्णय नसून विचाराला चालना देणारी मतप्रदर्शने आहेत. २) उपयुक्त कामासाठीही शासनाने अधिकाराबाहेर जाऊ नये, आधी घटनादुरुस्ती करावी.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) मॅडिसनच्या भूमिकांत विसंगती होती की सुसंगती? साधार चर्चा करा.
२) व्हर्जिनिया ठराव आणि दक्षिण कॅरोलायनाचा १८३२ चा निर्णय यांची तुलना करा.
३) राज्यांचे सार्वभौमत्व हे स्वातंत्र्याचे साधन केव्हा ठरते आणि अन्यायाची ढाल केव्हा बनते? मॅडिसनच्या चरित्रातील प्रसंगांच्या आधारे लिहा.